दातांसाठी प्रोबायोटिक गोळी: कुठली घ्यावी, कोणी घेऊच नये

प्रोबायोटिक गोळ्यांचा (म्हणजे फायद्यासाठी घ्यायच्या जिवंत जिवाणूंच्या गोळ्यांचा) डबा हातात आला की आधी मागची बाजू वाचावी. पुढे पांढरेशुभ्र हसरे दात असतात, कामाचा मजकूर मागे असतो. तिथे नुसतं ‘लॅक्टोबॅसिलस’ किंवा ‘प्रोबायोटिक मिश्रण’ लिहिलं असेल तर डबा जागेवर ठेवून द्यावा. प्रजातीचं नाव आणि त्यापुढे स्ट्रेनचा (त्या प्रजातीतल्या विशिष्ट वाणाचा) क्रमांक हवाच. ‘प्रोबायोटिक सुरक्षित असतात का?’ या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. कुठला स्ट्रेन आणि कोणाच्या तोंडात, हे कळल्याशिवाय काही सांगता येत नाही.

तोंडासाठी बऱ्यापैकी अभ्यास झालेल्या जोड्या मुख्यतः दोन. पहिली स्वीडनच्या बायोगाया कंपनीची लॅक्टोबॅसिलस रूटेराय. त्यात डीएसएम १७९३८ आणि एटीसीसी पीटीए ५२८९ हे दोन स्ट्रेन असतात आणि एका गोळीत मिळून किमान २० कोटी जिवंत जिवाणू. (२०२० मध्ये या जिवाणूचं लिमोसिलॅक्टोबॅसिलस असं नामकरण झालं. डब्यावर दोन्हीपैकी काहीही दिसू शकतं.) दुसरी जोडी न्यूझीलंडची. ओटागो विद्यापीठातले जॉन टॅग यांच्या संशोधनातून पुढे आलेले स्ट्रेप्टोकॉकस सॅलिव्हेरियसचे के१२ आणि एम१८. के१२ घसा आणि तोंडाच्या वासासाठी विकला जातो, एम१८ दात-हिरड्यांसाठी. तिसरा पर्याय प्रोबायोटिक नाही, पण निवड करताना तोच समोर असतो: दंतवैद्य लिहून देतात तो ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश.

धडधाकट माणसाला काय त्रास होतो

दोन्ही गोळ्यांत जवळपास सारखाच. पहिल्या आठवड्यात पोटात गॅस, थोडं फुगणं, क्वचित पातळ शौच. याचं खापर जिवाणूंवर फोडण्याआधी घटकांची यादी बघा. आयसोमाल्ट, सॉर्बिटॉल, झायलिटॉल ही गोडी आणणारी द्रव्यं लहान आतड्यात पूर्ण शोषली जात नाहीत, मोठ्या आतड्यात आंबतात आणि गॅस करतात. दिवसाला एक गोळी निभावते, दोन-तीन घेतल्या की पोट बोलायला लागतं. घरात कुत्रा असेल तर झायलिटॉलचा डबा उंच जागी ठेवा, कुत्र्यांना ते विषारी असतं. यादीत साखर किंवा ग्लुकोज असेल तर ती गोळी घेऊच नये. दातांसाठी म्हणून दहा मिनिटं साखर चोखायची, याला काय म्हणावं!

जाहिरातीत आणखी एक थाप असते: पोट बिघडलं म्हणजे ‘शरीरातली घाण बाहेर पडतेय’. तसं काही नसतं. त्रास दोन आठवड्यांच्या पुढे गेला, किंवा पुरळ, ओठांना सूज आली, तर गोळी बंद. सूज चेहऱ्यावर पसरली किंवा श्वास घ्यायला जड गेलं तर तडक दवाखाना. दुधाची ॲलर्जी असलेल्यांनी दुधाच्या अंशाबद्दलची ओळ वाचावी. काही कंपन्या जिवाणू दुधाच्या माध्यमात वाढवतात.

रूटेराय आणि सॅलिव्हेरियस यांत खरा फरक कुठे

तीन ठिकाणी.

पहिला प्रतिजैविकांना दाद न देण्याच्या गुणाचा. रूटेरायच्या मूळ स्ट्रेनमध्ये, म्हणजे एटीसीसी ५५७३० मध्ये, टेट्रासायक्लिन आणि लिंकोमायसिनला न जुमानणारी जनुकं दोन प्लाझ्मिडवर होती. प्लाझ्मिड म्हणजे जिवाणूतला डीएनएचा छोटा सुटा तुकडा; तो एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकतो, म्हणजे हा गुण तोंडातल्या इतर जिवाणूंपर्यंत पोचण्याची शक्यता होती. ती प्लाझ्मिड काढून टाकून जो स्ट्रेन उरला तोच डीएसएम १७९३८. डब्यावरचा क्रमांक बघायचा तो यासाठी. क्रमांकच न छापणाऱ्या स्वस्त मिश्रणाबद्दल हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

दुसरा फरक आम्लाचा. लॅक्टोबॅसिलस कुळातले जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि दातातल्या खोल किडीत तेच मोठ्या संख्येने सापडतात. याचा अर्थ रूटेरायच्या गोळीने कीड लागते असा नाही, पण तोंड कोरडं असेल, चार दातांना उघडे खड्डे असतील, तर लाळेचा बचाव आधीच कमी पडलेला असतो. अशा तोंडात आधी खड्डे भरून घ्यावेत. एम१८ इथे वेगळा वागतो. तो युरियापासून अमोनिया करतो, त्यामुळे आम्ल थोडं शमतं, आणि प्लाकला (दातांवरच्या जिवाणूंच्या थराला) चिकटपणा देणारं डेक्स्ट्रान तोडणारं विकरही त्याच्याकडे आहे. किडीची सवय असलेल्या मुलांवरच्या ३ महिन्यांच्या चाचणीत एम१८ घेणाऱ्यांच्या दातांवर प्लाक कमी दिसला. चांगली गोष्ट आहे, पण प्लाक कमी दिसणं म्हणजे कीड थांबली असं नव्हे.

तिसरा फरक सर्वांत महत्त्वाचा आणि जाहिरातीत तो कधीच नसतो. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या ‘सुरक्षित गृहीत धरलेल्या’ जिवाणूंच्या यादीत रूटेराय आहे, सॅलिव्हेरियस नाही. कारण ही प्रजाती रक्तात शिरून संसर्ग करू शकते, तशा नोंदी आहेत. एवढं वाचून दचकू नका. हाच जिवाणू जन्मानंतर थोड्याच काळात प्रत्येकाच्या जिभेवर वस्तीला येतो आणि तिथे आयुष्यभर गुण्यागोविंदाने राहतो. के१२ चे रोज १,००० कोटी जिवाणू २८ दिवस घेतलेल्या निरोगी प्रौढांमध्ये काही गंभीर घडलं नव्हतं. गोळीत साधारण १०० ते २५० कोटी असतात. प्रश्न येतो तो ज्यांच्या रक्तात जिवाणू शिरला तर आवरता येणार नाही त्यांचा.

कोणी घेऊ नये

हृदयात कृत्रिम झडप असलेले, पूर्वी एंडोकार्डायटिस (हृदयाच्या आतल्या आवरणाचा संसर्ग) होऊन गेलेले, केमोथेरपी चालू असलेले, अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे, छातीत किंवा मानेत सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत बसवलेली नळी) असलेले. यांनी दोन्ही गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत, आणि सॅलिव्हेरियस तर नकोच. एंडोकार्डायटिसचं एक नेहमीचं कारण तोंडातले स्ट्रेप्टोकॉकसच असतात.

ही भीती कागदी नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या एका चाचणीत तीव्र स्वादुपिंडदाहाच्या रुग्णांना प्रोबायोटिक दिले गेले. त्या गटात १६ टक्के रुग्ण दगावले, दुसऱ्या गटात ६ टक्के. तिथे जिवाणू नळीने थेट आतड्यात सोडले होते, ते दातांच्या गोळीसारखं नव्हे. पण ‘नैसर्गिक आहे, अपाय काय होणार’ या वाक्यातली हवा त्या आकड्यांनी निघते. २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेने अपुऱ्या दिवसांच्या बाळांना प्रोबायोटिक देण्याविरुद्ध इशारा दिला. मोठ्या मुलांमध्ये वेगळा मुद्दा असतो: गोळी घशात अडकण्याचा. नीट चोखता येत नाही तोवर देऊ नये.

माउथवॉशशी तुलना

क्लोरहेक्सिडिनचा परिणाम लवकर आणि ठळक दिसतो, दुष्परिणामही तसेच. १० मिली, दिवसातून दोनदा, साधारण मिनिटभर खळखळून थुंकायचं. आठवडा-दोन आठवड्यांत दातांवर आणि जिभेवर तपकिरी डाग येऊ लागतात, चहा-कॉफीवाल्यांना जास्त. चव बदलते, टार्टर (दातांवर साचून कडक झालेला थर) वाढतो. क्वचित तीव्र ॲलर्जी होते. ब्रश केल्यावर लगेच वापरलं तर पेस्टमधल्या फेस करणाऱ्या द्रव्यामुळे त्याचा जोर कमी होतो, म्हणून मध्ये अर्धा तास जाऊ द्यावा. महिनोन्‌महिने चालवायची ही वस्तू नव्हे. गोळ्यांनी डाग पडत नाहीत, हा त्यांचा खरा फायदा.

दोन्ही एकाच वेळी घेण्यात अर्थ नाही. माउथवॉश गोळीतले जिवाणू मारतो. एकापाठोपाठ एक मात्र चालतं. तोंडाच्या वासावरच्या २००६ मधल्या के१२ च्या अभ्यासात आधी तीन दिवस क्लोरहेक्सिडिन आणि मग गोळ्या असाच क्रम होता. आठवड्याने गोळ्या घेणाऱ्यांपैकी ८५ टक्क्यांचा वास कमी झाला, तुलनेसाठी जिवाणू नसलेली गोळी दिलेल्यांत ३० टक्क्यांचा. माणसं फक्त २३ होती, हे लक्षात असू द्या.

हिरड्यांच्या आजारात चित्र तितकं उत्साहाचं नाही. युरोपियन फेडरेशन ऑफ पेरिओडोंटॉलॉजीच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना खोल सफाईच्या जोडीला प्रोबायोटिक वापरू नये असं सुचवतात. म्हणजे रक्त येणाऱ्या हिरड्यांचा सर्वांत मोठा धोका गोळीचा दुष्परिणाम नसून गोळीच्या भरवशावर पुढे ढकललेलं स्केलिंग (दंतवैद्याकडची दातांची सफाई) हा आहे. दगडासारखा झालेला टार्टर कुठलाही जिवाणू काढत नाही.

घ्यायचं ठरलंच तर

रात्री फ्लोराइड पेस्टने ब्रश करून, चूळ भरून, एक गोळी. चावायची नाही, दहा मिनिटं जिभेवर विरघळू द्यायची, त्यानंतर पाणीसुद्धा अर्धा तास नको. प्रतिजैविकाचा कोर्स चालू असेल तर तो संपल्यावर सुरुवात करा, नाहीतर पैसे पाण्यात. जिवाणू कायमचे वस्तीला राहत नाहीत. गोळ्या थांबवल्या की काही आठवड्यांत त्यांची संख्या ओसरते.

साठवण बहुतेक डब्यांवर २५ अंशांखाली सांगितलेली असते. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे कुरियरच्या गाडीत चार दिवस फिरलेल्या डब्यात किती जिवाणू जिवंत उरले असतील याची खात्री कोणी देत नाही. थंडीत मागवा किंवा दुकानातून घ्या. आकडा ‘मुदत संपेपर्यंत’ दिलाय की ‘तयार करताना’, हेही बघा. पहिलाच कामाचा. एफएसएसएआयचा (भारताच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी परवाना क्रमांक नसलेला आयात डबा टाळावा.

थोडक्यात निवड अशी. नुसता वास, तोही जीभ घासून आणि दात साफ करून न गेलेला: के१२. वारंवार कीड: आधी खड्डे भरणं आणि फ्लोराइड, वर एम१८ हौस असेल तर. प्रतिकारशक्ती कमी नाही पण युरोपच्या यादीबाहेरचं काही नको वाटतं: रूटेराय. दात काढल्यानंतरचे दिवस: दंतवैद्य सांगतील तो माउथवॉश, प्रोबायोटिक नाही. घरचं दही चांगलंच, पण ते दातांवर थांबत नाही, त्याच्याकडून गोळीची अपेक्षा नको.

गोळ्या चालू असताना कारण न कळणारा ताप दोन-तीन दिवस राहिला, थंडी वाजू लागली, तर गोळी थांबवून डॉक्टरांकडे जा आणि सोबत डबा न्या. स्ट्रेनचा क्रमांक कळला तर रक्ताच्या कल्चरमध्ये (रक्तातले जिवाणू वाढवून बघण्याच्या तपासणीत) जे उगवेल ते ताडून बघणं प्रयोगशाळेला सोपं जातं.