विणकराला विझडम नाही! डी अँड डीचं २०२४चं पुस्तक, वर्षभर वापरून

हे मागच्या महिन्यातच लिहायचं होतं, पण तेव्हा डोकं तापलेलं होतं आणि रिफंडही आला नव्हता. आता पैसे खात्यात जमा झालेत, त्यामुळे शांतपणे लिहितो. शांतपणे म्हणजे माझ्या मानाने.

फासे टाकत, पात्रं वठवत खेळायच्या डंजन्स अँड ड्रॅगन्सचं (डी अँड डी) नवं प्लेअर्स हँडबुक, म्हणजे खेळाडूंचं नियमांचं पुस्तक, आमच्याकडे वर्षापेक्षा जास्त काळ आहे. दर रविवारी जुळे सोलापुरात आमच्या गच्चीवरच्या खोलीत चार-पाच जण जमतो, डीएम, म्हणजे डंजन मास्टर, खेळ चालवणारा, मी. पोटापाण्यासाठी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो, त्यामुळे कुठलाही धंदा दिसला की मालक यात पैसा घालतोय की नुसता काढतोय, हे आधी बघायची खोड. क्लास म्हणजे पात्रांचे प्रकार किती, सबक्लास म्हणजे पोटप्रकार किती, वेपन मास्टरी म्हणजे काय हे सगळ्यांना पाठ आहे. त्यात शिरत नाही.

मूळ दुखणं वेगळंच आहे. आमच्यात एक मॅडम खेळतात, शाळेत शिकवतात, राहायला पूर्व भागात. घरात तेलुगू, आजोबांचा हातमाग होता. त्यांना क्लेरिक, म्हणजे देवाच्या शक्तीनं मंत्र टाकणारी, करायची होती आणि ती मूळची विणकर हवी होती. सोलापुरात याहून साधी मागणी काय असणार? पण नव्या पुस्तकात स्टॅटची, म्हणजे पात्राच्या गुणांच्या आकड्यांची, वाढ बॅकग्राउंडवरून, म्हणजे त्याच्या मूळ धंद्यावरून मिळते, आणि बॅकग्राउंड आहेत मोजून १६. विणकर बसतो आर्टिझन म्हणजे कारागिरामध्ये. आर्टिझनला वाढ मिळते स्ट्रेंग्थ, डेक्स्टेरिटी नाहीतर इंटेलिजन्सला. विझडम नाही. क्लेरिकचा तर सगळा जीव विझडममध्ये. म्हणजे या पुस्तकाच्या मते विणकराच्या अंगात ताकद आहे, हात चपळ आहेत, डोकंही चालतं, शहाणपण तेवढं नाही.

मॅडमनी पान दोनदा वाचलं आणि विचारलं, "हे लिहिणाऱ्यानं माग बघितलाय का कधी?"

माझा पुतण्या म्हणाला, "देवळातला अकोलाइट घ्या की, त्यात विझडम हाय. विणकर आहे असं नुसतं तोंडानं म्हणायचं."

"तोंडानंच म्हणायचं तर सरांनी एवढे पैसे कशाला घातले?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण पैसे खरंच मी घातले होते. साडेचार हजारांच्या आसपास.

२०१४च्या हँडबुकात आपल्याला हवी तशी बॅकग्राउंड बनवायची सोय त्याच पुस्तकात होती. या वेळी ती उचलून डंजन मास्टर्स गाइडमध्ये नेऊन ठेवली. हँडबुक आलं १७ सप्टेंबर २०२४ ला, गाइड १२ नोव्हेंबरला. खेळाडूला लागणारी गोष्ट डीएमच्या पुस्तकात, तीही दोन महिन्यांनी. आमच्या कारखान्यात कुणी टॉवेल आज पाठवून त्याची किनार दिवाळीनंतर वेगळ्या बिलावर पाठवली असती, तर गिऱ्हाइकानं ट्रक परत फिरवला असता.

तरी वर्षभर मी निभावून नेलं. शेवटी या उन्हाळ्यात राहवलं नाही आणि त्या एका नियमापायी गाइड ऑनलाइन मागवलं. कोणाकडून ते लिहीत नाही. एवढं जाड पुस्तक पातळ प्लास्टिकच्या पिशवीत आलं, कोपरा चपातीसारखा दुमडलेला. तक्रार केली तर म्हणे पार्सल उघडतानाचा व्हिडिओ पाठवा. मी पुस्तक घेतलंय, बारसं नाही, व्हिडिओ कुठून आणू? फोटो पाठवले, पुन्हा पाठवले, मग कळलं की बदलून द्यायला दुसरी प्रतच नाही. परत न्यायला माणूस चौथ्या दिवशी आला आणि रिफंडला त्यापुढं अकरा दिवस.

त्या चार दिवसांत मी मात्र काम उरकून घेतलं. तो नियम वाचला आणि डायरीत उतरवला. तीन स्टॅट निवडा, एक फीट म्हणजे खास कसब, दोन स्किल, एक टूल, थोडं सामान. संपलं. पूर्ण पानसुद्धा भरत नाही. एवढंसं हँडबुकात बसलं नसतं?

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की मी प्रकाशकाला कंजूष ठरवायला बसलोय. खरंच तसंच ठरवून बसलो होतो. पण लिहिण्याआधी जुनं आणि नवं पुस्तक शेजारी ठेवून चाळलं, तेव्हा थोडा वरमलो. जुनं ३२० पानांचं, नवं ३८४. चित्रांवर हात राखलेला नाही. मागे सगळ्या नियमांचा अकारविल्हे कोश दिलाय. आमच्याकडे ग्रॅपल म्हणजे धरपकडीच्या नियमावरून अर्धा अर्धा तास वाद चालायचा, तो आता अर्ध्या मिनिटात मिटतो. आणि टूलच्या यादीत विव्हर्स टूल्स सापडली! किंमत १ सोन्याचं नाणं, त्यातून काय काय बनतं त्यात चक्क ब्लँकेट. आर्टिझनला क्राफ्टर फीट मिळतं, म्हणजे जादूची नसलेली कुठलीही वस्तू घेताना २० टक्के सूट. मॅडमनी ते वाचल्यापासून गावातल्या एकाही दुकानदाराला सोडलेलं नाही. तेव्हा पुस्तकावर खर्च केलेला दिसतो, हे मान्य.

मग हात आखडता घेतला कुठं? माणसांवर, असं माझं मत झालंय. डिसेंबर २०२२ मध्ये प्रकाशक विझर्ड्स ऑफ द कोस्टच्या तेव्हाच्या अध्यक्षांनीच गुंतवणूकदारांसमोर सांगितलं होतं की या ब्रँडमधून मिळायला हवा तितका पैसा निघत नाही. हिशेबनीस म्हणून हे वाक्य माझ्या डोक्यात बसलंय. काढायची भाषा आधी, घालायची नंतर. पुढच्याच महिन्यात, बाकीच्यांना या नियमांवर आपलं काही बनवू देणाऱ्या लायसन्सवरून रान पेटलं. २०२३च्या डिसेंबरात डी अँड डीवरचा व्हिडिओ गेम बाल्डर्स गेट ३ वर्षातला सर्वोत्तम गेम ठरला आणि चारच दिवसांनी विझर्ड्सची मालक कंपनी हॅस्ब्रोनं ११०० माणसं कमी करायचं जाहीर केलं, त्यात विझर्ड्सचीही होती. तो गेम बनवणाऱ्या लॅरियनचा प्रमुखच तेव्हा म्हणाला की पहिल्या बैठकीत विझर्ड्सची जी मंडळी समोर होती, त्यांतलं आता जवळपास कुणीच उरलेलं नाही. २०२५ मध्ये क्रिस पर्किन्स आणि जेरेमी क्रॉफर्डही गेले आणि डॅरिंग्टन प्रेस या दुसऱ्या प्रकाशकाला मिळाले. या नव्या पुस्तकांमागची सगळ्यात ओळखीची दोन नावं.

पैसा नाही असं तर नाहीच. पुस्तकं ऑनलाइन वापरायचं डी अँड डी बियाँड २०२२ मध्ये १४ कोटी ६३ लाख डॉलर मोजून घेतलं. कंप्युटरवर थ्रीडीमध्ये खेळायचं ते सिजिल बनवलं, आणि मार्च २०२५ मध्ये, लोकांच्या हातात पडतंय न पडतंय तोवर, त्यावरची तीसेक माणसं घरी. याच कंपनीच्या मॅजिक या पत्त्यांच्या खेळानं २०२२ मध्ये वर्षाला १०० कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला, त्यामुळे वडाच्या सावलीत तुळस वाढत नाही तसं काहीतरी होत असावं. आमच्याकडे एका शेठनं शोरूमला काचा लावल्या होत्या आणि मागाच्या मेकॅनिकचा पगार थकवला होता. तेच चित्र.

बरं, कागदी पुस्तक घेतलं म्हणून डिजिटल प्रत मिळते का? नाही, तिचे पैसे वेगळे. हे मला अजून पचत नाही.

आणि गंमत बघा, त्यांचं मला सगळ्यात उपयोगी पडलेलं काम फुकटातलं निघालं. एप्रिल २०२५ मध्ये नव्या नियमांचा गाभा एसआरडी ५.२ या नावानं, क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्सखाली, कुणालाही वापरायला खुला केला. साडेतीनशेवर पानं. क्लास सगळे, पण प्रत्येकाला सबक्लास एकच. बॅकग्राउंड फक्त चार, बिहोल्डर हा ओळखीचा राक्षस गायब. तरी रविवार भागतो. नव्या पेठेत झेरॉक्सवाल्याकडून पाठपोट काढून स्पायरल मारून घेतलं, साडेतीनशे रुपये. तो ड्रॅगनवाली पानं रचत म्हणाला, "सर, ही कुठली परीक्षा ओ?" मी एमपीएससी म्हणालो. त्यानं मान हलवली.

आता हँडबुक कपाटात आणि टेबलावर स्पायरल. शेंगा चटणीचं तेल लागलं तरी जीव कासावीस होत नाही. राक्षसांचं पुस्तक, मॉन्स्टर मॅन्युअल, घेणार नाही, गाइड पुन्हा मागवणार नाही. ज्यांचा ग्रुप नवा आहे त्यांनी आधी फुकटचं वापरून बघावं, आणि एकच पुस्तक घ्यायचं झालं तर हँडबुकच घ्यावं. पुस्तक चांगलं आहे. पुढच्या दहा वर्षांतलं लिहायला तिथं कोण उरेल, याची मात्र मला खात्री नाही.

मॅडमच्या विणकरणीला डायरीतल्या नियमानं विझडम मिळालं. क्राफ्टरही ठेवलं, ते त्या सोडणारच नव्हत्या. गेल्या रविवारी त्यांनी बनवलेल्या ब्लँकेटवर कोपऱ्यात एक छोटा मोर काढायला घेतला. पुस्तकात त्याला १५ लागतात. फासा टाकला, बेरीज १४.

"२० टक्के सूट धरा की सर."

नाही धरली.