सात महिन्यांत पाच वेळा दाजीपूर

नोव्हेंबरात दाजीपूरच्या गव्यांच्या अभयारण्यात पहिल्यांदा गेलो तेव्हा तीन तास जीपमध्ये हाडं खिळखिळी करून फक्त गव्याचं शेण आणि खुरांचे ठसे बघितले. मुलगी हिरमुसली. त्याच दिवशी काही लिहिलं असतं तर दाजीपूरवर अन्याय झाला असता. मेअखेर पाचवी फेरी झाली, म्हणून आता लिहितोय.

कोल्हापूरपासून राधानगरी साधारण 55 किलोमीटर, दाजीपूर 80 च्या आसपास. पहाटे चारला निघालो तरच पोचल्याचा उपयोग. पुढे रेंज नाही, रोख पैसे जवळ ठेवा.

फरक पडला तो वाटाड्यामुळे. पहिल्या खेपेचा चालक नुसता पळवत होता. दुसऱ्या खेपेपासून गावातलेच एक मामा घेतले. ते पाणवठ्याजवळ इंजिन बंद करायला लावायचे आणि गप्प बसवायचे. मार्चमध्ये तशीच वीस मिनिटं गेली आणि अंजनीच्या झाडीआडून ‘फुस्स’ असा आवाज आला. भला थोरला नर गवा, पायात पांढरे मोजे घातल्यासारखा. मामा हळूच म्हणाले, "पोरी, त्यो आपल्याला कवाच बघून बसलाय." शेकरू मात्र दोनदाच दिसलं, तेही शेपटीपुरतं.

हे जंगल टिकलं कारण कोल्हापूर संस्थानच्या काळात ते राखीव शिकारीचं रान होतं. 1958 साली गव्यांसाठी अभयारण्य झालं, 1985 मध्ये राधानगरीपर्यंत वाढून ते 351 चौरस किलोमीटरचं झालं. 2012 पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याचं नाव आहे. पण मला भिडली ती वेगळीच गोष्ट. एका अंगाला राधानगरी धरणाचा लक्ष्मी तलाव, दुसऱ्या अंगाला काळम्मावाडी धरणाचं पाणी, आणि मधे हे रान. थेट पाईपलाईनने कोल्हापुरात आपल्या नळाला येतं ते याच काळम्मावाडीचं पाणी. आपल्याला राधानगरी आठवते ती जुलै-ऑगस्टात, "दरवाजे किती उघडले?" एवढ्यापुरती. मग पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांवर गेलं की इशारा, 43 फुटांवर धोका. राधानगरीचे ते सात स्वयंचलित दरवाजे विजेवर नाही, पाण्याच्या दाबावर उघडतात, हे मुलीला धरणासमोर उभं करून सांगितलं. शाहू महाराजांनी हे धरण मनावर घेतलं आणि गावाला लेकीचं, राधाबाईंचं, नाव दिलं, हे ऐकून ती बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली.

उगवाई देवीच्या देवळाकडे जाताना मामांनी चपला काढल्या. देवराईतली वाळकी काटकीसुद्धा कुणी चुलीला नेत नाही, म्हणाले. बायकोने पिशवीतल्या बिस्किटाच्या पुड्याचा कागदही खाली पडू दिला नाही. हे कुठल्याच फलकावर लिहिलेलं नाही. स्थानिक माणूस बरोबर नसता तर आम्ही बोलत-बोलत तसेच आत शिरलो असतो.

तक्रार एकच, पण मनापासून आहे. शनिवार-रविवारी टाळाच. पुढच्या जीपमधली मंडळी मोठ्याने गाणी लावून चालली होती, आणि तो अख्खा दिवस आम्हाला एक गवा दिसला नाही.

मेच्या शेवटी काजवे बघायला गेलो. पाऊस सुरू झाला की अभयारण्य बंद होतं, त्याच्या आधीचे हे थोडेच दिवस. जाल तर गाडीचे दिवे बंद करा, मोबाईल खिशात ठेवा आणि पाच-दहा मिनिटं अंधारात नुसते उभे राहा. आधी एखाद-दुसराच दिसतो. डोळे सरावले की अख्खं झाड एका दमात लागतं आणि विझतं.