न्यू जर्सीच्या बागेत अळू, केळ, कर्दळ की एरंड? हरणं आणि हिवाळा, दोन्ही धरून निवड

न्यू जर्सीत होस्टा (रुंद पानांचं शोभेचं झाड) लावला की पांढऱ्या शेपटीची हरणं तो एका रात्रीत देठांपर्यंत खातात. म्हणून भरदार, मोठ्या पानांची उष्ण प्रदेशातली झाडं लावायचा विचार अनेकजण करतात आणि तो योग्यच आहे. मात्र नर्सरीतल्या पाटीवर ‘हरीणरोधक’ एवढं वाचून झाड घेऊ नका. रटगर्स विद्यापीठाच्या यादीत झाडांच्या चार श्रेणी आहेत आणि सर्वांत वरची श्रेणीसुद्धा ‘क्वचित नुकसान’ अशी आहे, ‘कधीच नाही’ अशी नाही. वसंतात जन्मलेली पाडसं प्रत्येक पान चाखून बघतात. उन्हाळ्यात पाऊस ओढ देतो तेव्हा मोठी हरणंही रसाळ पानांकडे वळतात. कुठलंही रोप लावल्यावर पहिले तीन-चार आठवडे जाळी किंवा अंड्याच्या वासाचा फवारा लागतोच, आणि नवं पान फुटलं की फवारा पुन्हा मारावा लागतो.

खरी निवड मात्र ऑक्टोबरमुळे, म्हणजे तेव्हा पडू लागणाऱ्या गोठवणाऱ्या दंवामुळे ठरते. झाड जमिनीत ठेवायचं की कंद काढून घरात आणायचा, हे आधी ठरवा.

अळू

हरणांच्या बाबतीत आमचा पहिला कौल अळूला. पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. घसा खवखवू नये म्हणून आपण अळूच्या भाजीत चिंच घालतो, त्या खाजेमागे हेच स्फटिक. हरणाने एक घास घेतला तरी ते सहसा दुसरा घेत नाही. शोभेच्या जाती मात्र फतफत्यासाठी वापरू नका. काहींना खाज फार असते आणि नर्सरीत कोणती औषधं मारली आहेत हे आपल्याला कळत नाही.

इथे दोन गट वेगळे ओळखा. कोलोकेशियाची पानं खाली झुकतात आणि त्याला ओल आवडते. डाउनस्पाउटजवळची (छपराचं पाणी खाली आणणाऱ्या नळाजवळची) ओलसर जागा त्याला चालते. अलोकेशियाची पानं वर उभी राहतात. त्याला निचऱ्याची माती हवी, पाणी साचलं की गड्डा कुजतो. दोन्ही मेच्या मध्यानंतर, माती साधारण १८ अंश सेल्सिअसला आली की लावा. आधी लावलेला गड्डा थंड ओल्या मातीत नुसता पडून राहतो आणि सडतो. लवकर पानं हवी असतील तर सहा ते आठ आठवडे आधी घरात कुंडीत लावा.

हिवाळ्यात चुका होतात त्या साठवणीत. पहिल्या हलक्या दहिवराने पानं काळी पडली की देठ १०–१५ सेंटिमीटर ठेवून कापा, गड्डा उकरा, माती झटका आणि हवेशीर सावलीत आठवडाभर सुकवा. मग खोक्यात कोरड्या पीट मॉसमध्ये, एकमेकांना लागणार नाहीत असे ठेवा. तापमान ७ ते १० अंश हवं. न तापवलेल्या गॅरेजमध्ये ते शून्याखाली जातं आणि गड्ड्याचा लगदा होतो. फर्नेसशेजारी (घर तापवणाऱ्या भट्टीशेजारी) ठेवला तर तो सुकून आकसतो. महिन्यातून एकदा चाचपून मऊ पडलेले काढून टाका. ‘ब्लॅक मॅजिक’सारख्या काळ्या जाती मोठा गड्डा धरत नाहीत. त्या कोरड्या न साठवता अलोकेशियाप्रमाणे कुंडीसकट खिडकीत आणा, पाणी कमी करा आणि पानांच्या मागे लाल कोळी दिसतो का ते बघत राहा.

केळ

खणण्याची तयारी नसेल तर ‘मुसा बासजू’ ही केळ घ्या. आच्छादन नीट असेल तर तिचा कंद उणे २० अंशांच्या आसपासही तगतो. दरवर्षी जमिनीतून उठून ती एका उन्हाळ्यात दोन-तीन मीटर होते. फळाची आशा ठेवू नका, ती फक्त पानांसाठी. पानांत अळूसारखी खाज नाही, त्यामुळे हरणं कोवळे कोंब कुरतडू शकतात. खोड उंच होईपर्यंत भोवती तारेची जाळी हवीच.

लागवड जूनअखेर संपवा, म्हणजे मुळं धरायला पूर्ण हंगाम मिळेल. पानं गेली की खोड अर्ध्या मीटरवर कापा, भोवती मीटरभर रुंदीचा तारेचा पिंजरा करून वाळलेली पानं दाबून भरा आणि वर पाणी न झिरपणारं झाकण टाका. बाजू उघड्या ठेवा. केळ नुसत्या थंडीपेक्षा थंडीतल्या ओलीने जास्त मरते. चिकणमातीत उंचवट्यावरच लावा. वाऱ्याने पानं फाटतात, म्हणून भिंतीचा आडोसा बघा.

कर्दळ

कर्दळ मधली. हरणं ती अळूइतकी टाळत नाहीत, पण होस्टासारखी फस्तही करत नाहीत. जुलैत पानांची चाळण होते ती जपानी भुंगेऱ्यांमुळे. हा किडा अमेरिकेत पहिल्यांदा १९१६ साली न्यू जर्सीतल्याच रिव्हरटनला सापडला. सकाळी भुंगेरे सुस्त असतात तेव्हा साबणाच्या पाण्यात झटकून टाका. पानांवर पिवळसर रेघा-ठिपके आणि वाढ खुंटलेली दिसली तर तो बहुधा विषाणू असतो. असा कंद साठवू नका, कचऱ्यात टाका. निरोगी कंद अळूसारखेच साठवतात आणि अळूपेक्षा सहज टिकतात, म्हणून नवशिक्यांना आम्ही कर्दळ सुचवतो.

एरंड

एरंडाला हरीण सहसा तोंड लावत नाही आणि साठवणीची कटकटही नाही. बी दिवसभर भिजवून एप्रिलमध्ये घरात पेरा, मेअखेर बाहेर लावा, दोन रोपांत मीटरभर अंतर ठेवा. दंवाने झाड मरतं, पुढच्या वर्षी नवं बी. पण बियांत रायसिन हे जहाल विष असतं. घरात लहान मुलं किंवा कुत्रा असेल तर एरंड लावूच नका. इतरांनीही बोंडं धरण्याआधी तुरे छाटावेत.

सावलीच्या जागेला यातलं कर्दळ आणि एरंड चालत नाहीत. तिथे कॅलेडियम लावा. तेही अळूच्याच कुळातलं, पण कंद १५ अंशांच्या वर ठेवावे लागतात, म्हणजे गार तळघर त्याला उपयोगाचं नाही. कोलियस आणि रताळ्याचा वेल हरणांच्या वाटेवर लावू नका, ते दोन्ही हरणं खातात.

तळघर ७–१० अंशांचं असेल तर कोलोकेशिया घ्या. तशी जागा नसेल तर बासजू घ्या, आणि तिच्या खर्चात जाळीचाही खर्च धरा.