फ्रँकफर्ट स्टेशनवर तिकीट 'काढून देणारा' माणूस : विमानतळाला जाताना सावध राहा

फ्रँकफर्टच्या मुख्य स्टेशनवरून विमानतळाची लोकल पकडणार असाल, तर तिकिटाच्या मशीनपाशी आपणहून मदतीला येणाऱ्या माणसाला लांबूनच नमस्कार करा. आम्हा चौघांचे मिळून २७० युरो गेले. त्यातले त्या भामट्याच्या खिशात अठरा-वीसच गेले असतील, बाकीचा जवळजवळ सगळा दंड.

मी, बायको, मेहुणी आणि साडू. युरोप बघून झालं होतं, रात्रीचं मुंबईचं विमान होतं आणि हॉटेल स्टेशनच्या जवळच होतं. टॅक्सीपेक्षा लोकल स्वस्त आणि वेळही दहा-पंधरा मिनिटांचाच. एस ८ किंवा एस ९ नंबरची लोकल पकडायची, निडरराड, श्टाडिओन, गेटवे गार्डन्स आणि मग विमानतळ. गाडीवर 'वीसबाडन' लिहिलेलं असतं, पण पाटीवर विमानाचं चित्र असतं, त्यामुळे चुकायची भीती नाही. बायकोने आदल्या रात्री भाडंही बघून ठेवलं होतं, माणशी सात युरोच्या आतबाहेर. एवढी तयारी असूनही हे घडलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

मशीनसमोर आम्ही बॅगा सांभाळत उभे होतो. साडू इंग्रजीचं बटण शोधत होते, तेवढ्यात एक पन्नाशीचा माणूस आला. अंगात गडद निळं जाकीट, गळ्यात पट्टा, पट्ट्याला ओळखपत्राचं प्लॅस्टिक. आतलं कार्ड उलटं होतं, पांढरी बाजू आमच्याकडे. हे मला तेव्हाही दिसलं होतं, पण गळ्यातली कार्डं उलटी होतातच, आपल्या ऑफिसातही होतात. 'एअरपोर्ट? फोर पर्सन?' म्हणाला. साडूंनी बँकेचं कार्ड पुढे केलं तर मान हलवली, 'कार्ड कपुट, ओन्ली कॅश.' मग मशीन आणि आमच्यामध्ये असा काही उभा राहिला की पडदा कुणालाच दिसेना. बटणं भराभर दाबली. 'ट्वेंटी एट,' म्हणाला. मी पन्नासची नोट दिली, ती त्याने खिशात घातली, मशीनमध्ये स्वतःजवळची नाणी टाकली आणि मला वीस परत केले. दोन युरो सुटे नाहीत म्हणून हात पसरले. तेवढं चालतंच.

तिकिटं बाहेर आली ती त्याने आधी हातात घेतली, मधोमध घडी घातली आणि माझ्या मुठीत ठेवली. वर मेहुणीची जड बॅग उचलून सरकत्या जिन्यावर ठेवली. बायकोने एक युरोचं नाणं पुढे केलं, ते नको म्हणाला! त्या 'नको'नेच आमची उरलीसुरली शंका गेली. 'किती सज्जन माणूस,' असं मेहुणी जिना उतरेपर्यंत म्हणत होती.

लोकलचे फलाट जमिनीखाली आहेत, १०१ ते १०४. तिथे जायला कुठेही गेट नाही, तिकीट कुठे टेकवायचं नाही. आपल्याकडे मेट्रोचं चुकीचं तिकीट असेल तर दारच उघडत नाही, जागच्या जागी कळतं. जर्मनीत स्टेशनं सताड उघडी असतात आणि तपासणी चालत्या गाडीत होते. या भामट्यांचा सगळा धंदा या मधल्या वेळावर चालतो.

निडरराड सोडल्यावर डब्यातले दोन साध्या कपड्यांतले प्रवासी उठले आणि तिकिटं मागू लागले. मी घडी उघडून चारही तिकिटं ऐटीत पुढे केली. त्या दोघांतल्या बाईने एक बघितलं, दुसरं बघितलं आणि इंग्रजीत सांगितलं, की ही तिकिटं जवळच्या अंतराची आहेत. तिथे 'कुर्त्सश्ट्रेके' नावाचं एक तिकीट असतं, साधारण दोन किलोमीटरच्या आतल्या प्रवासासाठी. त्याची किंमत तीन युरोच्याही खाली. विमानतळाचं भाडं मात्र वेगळं आहे. फ्रँकफर्ट शहराचं पूर्ण तिकीट काढलं तरी ते विमानतळापर्यंत चालत नाही, त्याचा दर जास्त असतो. आमच्या तिकिटांवर तारीख त्या दिवशीची, वेळ पाच-दहा मिनिटांपूर्वीची, कागद मशीनचाच. किंमतही तिथेच छापलेली होती, घडीच्या आत.

हिशोब बघा. त्याने आमच्याकडून घेतले तीस. मशीनमध्ये घातले बाराच्याही आत. आणि मागितलं किती, तर बरोब्बर खरं भाडं. त्याने चाळीस मागितले असते तर बायकोने तिथेच त्याला धरलं असतं. भाव माहीत असणाऱ्यालाही संशय येऊ नये अशी ती रचना आहे, आणि त्या बाबतीत त्याच्या डोक्याला मानलं पाहिजे.

जर्मनीत योग्य तिकिटाशिवाय प्रवासाचा दंड माणशी ६० युरो. २०१५ पर्यंत तो ४० होता. तुम्ही मुद्दाम केलं की कुणी तुम्हाला फसवलं, हा प्रश्न गाडीत येतच नाही. साडूंनी वाद घालून पाहिला, पण ती बाई शांतपणे पासपोर्टवरून नावं उतरवत राहिली. आवाज चढवला नाही, हे तिचं चांगलं. तिने चार कागद दिले आणि चौदा दिवसांत बँकेत पैसे भरा म्हणाली. हेही लक्षात ठेवा, दंड तिथल्या तिथे रोखीने दिलाच पाहिजे असं नसतं. 'आत्ता रोख द्या, कागद नाही' असं कुणी म्हणालं, तर आधी त्याचं ओळखपत्र मागा, आणि ते उलटं असेल तर सुलटं करून बघा.

विमानतळावरून भाच्याला फोन केला. तो जर्मनीतच, मानहाइमला असतो. म्हणाला, "मामा, तुम्ही मला फोन करायचा होता की! मी इथून दोन मिनिटांत ॲपवर काढून पाठवलं असतं." आरएमव्ही म्हणजे त्या भागातल्या लोकल, ट्राम, बस यांची एकत्रित तिकीट व्यवस्था. तिचं 'आरएमव्हीगो' नावाचं ॲप आहे, आणि रेल्वेच्या 'डीबी नॅव्हिगेटर'वरही ही तिकिटं मिळतात. हॉटेलच्या वायफायवर तिकीट काढून मगच बाहेर पडायचं, की मशीनपाशी जायचंच कारण उरत नाही. चार-पाच जण असाल तर पाच माणसांपर्यंतचं गटाचं दिवसभराचं तिकीट मिळतं, ते स्वस्तात पडतं, पण त्यातही विमानतळ धरलेला प्रकार घ्यावा लागतो. ॲप नको असेल तर वरच्या मजल्यावर रेल्वेचं तिकीट केंद्र आहे, रांग असते पण समोर माणूस असतो. आणि मशीनवरच काढायचं असेल तर इंग्रजीचं बटण असतं, शोधायला वेळ लागला तर लागू द्या. छापील तिकिटावर फ्लुगहाफेन, म्हणजे विमानतळ, कुठे दिसतो का आणि किंमत किती छापलीय हे तिथेच उभं राहून वाचा. घडी घालून दिलेलं तिकीट तर उलगडाच.

फ्रँकफर्टला मशीनचं तिकीट पुन्हा शिक्का मारून घ्यावं लागत नाही. म्युनिकला काही तिकिटांना तो मारावाच लागतो. कुणी म्युनिकच्या अनुभवावरून फ्रँकफर्टचा सल्ला देत असेल (प्रवासाच्या ग्रुपांवर असे जाणकार पुष्कळ), तर ऐकून सोडून द्या. आणखी एक. मुख्य स्टेशनवरून विमानतळाला आयसीई, म्हणजे लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्याही जातात, पण लोकलचं तिकीट घेऊन त्यात चढलात तर पुन्हा तोच दंड.

पैसे भाच्याने मुदतीत भरले. न भरता निघून जावं असं साडूंच्या मनात होतं, पण पुढच्या व्हिसाच्या वेळी कटकट नको म्हणून मीच आग्रह धरला. भाच्याने हेसन राज्याच्या (फ्रँकफर्ट त्याच राज्यात आहे) पोलिसांकडे ऑनलाइन तक्रार केली, त्यात वेळ, मशीनची जागा, निळं जाकीट, उलटं कार्ड सगळं लिहिलं. तक्रारीचा नंबर आला आहे. २७० युरोंपैकी अजून एकही परत आलेला नाही.