स्लॅकवरचे आमचे इमोजी: वर्षभराच्या वापरानंतर

गेल्या आठवड्यात आमच्या आयटीवाल्यांनी स्लॅकवर, म्हणजे ऑफिसात मेसेजसाठी वापरतो त्या ॲपवर, आपले स्वतःचे नवे इमोजी टाकायची परवानगी फक्त ॲडमिनपुरती ठेवली. आता एका चित्रासाठी आयटीकडे विनंतीचं तिकीट काढा आणि मंजुरीची वाट बघत बसा. एरवी ही सोय पाहुणे सदस्य सोडून सगळ्यांना खुली असते, आणि नको ते चित्र ॲडमिन कधीही काढून टाकू शकतात. मग कुलूप कशाला? चीड आली, म्हणून वर्षभराचा अनुभव लिहायला बसले.

सुरुवातीला मला हा सगळा पोरखेळ वाटत होता. पुणे, नागपूर आणि चेन्नई मिळून आमची सपोर्ट टीम. चॅनेलवर दिवसभर ग्राहकांच्या तक्रारी, त्यात चित्रं कशाला? मत बदललं ते आम्ही बनवलेल्या 'बघतो' या इमोजीमुळे. आधी तक्रार आली की "मी बघतो", "अरे, मी घेतलीये", "बरं, मग मी सोडतो" असे मेसेज पडायचे आणि प्रत्येक मेसेजला सगळ्यांचे फोन वाजायचे. आता जो काम उचलतो तो मेसेजखाली 'बघतो' लावतो, संपलं की 'झालं'. असा खाली लावलेला इमोजी म्हणजे रिॲक्शन; रिॲक्शनने फोन वाजत नाही, त्यामुळे रात्रपाळी करून झोपलेल्यांची झोप मोडत नाही. कोणी लावलंय ते माउस नेला की दिसतं. सर्चमध्ये 'हॅज' (has:) आणि इमोजीचं नाव टाकलं की तसे सगळे मेसेज समोर येतात. सोमवारी सकाळी लटकलेल्या तक्रारी मी अशाच शोधते.

आता 'झालं'वरच्या अनुस्वाराबद्दल, त्याने आम्हाला फार छळलं. चित्र 128 केबीच्या आत हवं, चौकोनी असलं तर उत्तम, हे सगळ्यांना माहीत असतं. पण मेसेजखाली ते नखाएवढं होतं, आणि तिथे देवनागरीचे हाल होतात. आमच्या पहिल्या 'झालं'चा अनुस्वार जाड शिरोरेषेत बुडाला, राहिलं नुसतं 'झाल'. पारदर्शक पार्श्वभूमीवर काळी अक्षरं होती, ती डार्क मोडमध्ये दिसेनात. मग शिरोरेषा बारीक केली, अनुस्वार मोठा करून जरा वर उचलला, अक्षरांना पांढरी कड दिली. तरी समाधान होईना. शेवटी गडद हिरव्या चौकोनावर पांढरी अक्षरं घेतली, तेव्हा कुठे दोन्ही मोडमध्ये नीट वाचता आलं. मराठी अक्षरांचा इमोजी करत असाल तर तीन अक्षरांच्या पुढे जाऊ नका, आणि टाकण्याआधी चित्र अगदी लहान करून बघाच.

नावं आम्ही रोमनमध्ये ठेवली, आणि प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं. कोणी 'बघतो'मध्ये एच घालतं, कोणी गाळतं. एकाच चित्राला पर्यायी नावं जोडता येतात, त्याने तो प्रश्न मिटला.

इमोजींमुळे टीम जवळ येते का, तर हो, येते. आम्ही कटिंग चहाचा ग्लास टाकला, तर चेन्नईच्या सहकाऱ्याने दुसऱ्याच दिवशी फिल्टर कॉफीचा डबरा-टंबलर, म्हणजे वाटी-पेला, टाकला. आता ब्रेकच्या मेसेजखाली दोन्ही पडतात. चेन्नईची मंडळी 'झालं' बिनदिक्कत वापरतात, याचं मला फार अप्रूप आहे. चेहऱ्यांच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. एकाने सहकारी मुलीच्या लग्नाच्या फोटोतून तिचा चेहरा कापून इमोजी केला. ती हसली नाही. त्याच दिवशी तो काढायला लावला. विचारल्याशिवाय कोणाचा चेहरा वापरायचा नाही.

कंपनीने शाबासकी द्यायला माणशी पैसे मोजून एक पोर्टल घेतलंय. पॉइंट मिळतात, ते कोणी उघडून बघत नाही. इमोजीला दमडी लागत नाही, स्लॅकच्या फुकट प्लॅनवरही चालतात, आणि रोज वापरले जातात. खर्चच कमी करायचा असेल तर आधी ते पोर्टल बंद करा.

माझं तिकीट अजून तसंच पडून आहे. 'ग्राहकाच्या उत्तराची वाट' यासाठी घड्याळाचं चित्र हवंय, ते तयारही आहे. ज्यांच्या हातात ही सेटिंग आहे त्यांना एवढंच सांगते: टाकायची मोकळीक सगळ्यांना द्या, काढायचा अधिकार तुमच्याकडे आहेच.