‘तुमच्या त्वचेला शोभणारा सुगंध’ मला १४,५५० रुपयांना पडला

लग्नसराईच्या प्रदर्शनात ‘त्वचा तपासून तुम्हाला शोभेल असा सुगंध सुचवतो’ अशी पाटी लावलेला स्टॉल दिसला, तर तिथे क्षणभरही रेंगाळू नका. अशाच एका स्टॉलवर माझ्याकडून १४,५५० रुपये उकळण्यात आले. त्यात रूह गुलाबाच्या, म्हणजे गुलाबाच्या फुलांपासून काढलेल्या शुद्ध तेलाच्या, १० मिलीच्या दोन बाटल्यांचे प्रत्येकी २,९५० प्रमाणे ५,९००, शमामा अत्तराच्या बाटलीचे १,८५०, होणाऱ्या जावयासाठी घेतलेल्या १०० मिलीच्या परदेशी ‘ओ द पर्फ्यूम’चे ६,४५० आणि त्या तथाकथित तपासणीचे ३५० रुपये होते. पावती कच्ची होती, तिच्यावर जीएसटी क्रमांक नव्हता आणि यूपीआयने गेलेले पैसे एका व्यक्तीच्या खात्यात जमा झाले. ‘मग तिथेच कसे कळले नाही’ असे ज्यांना वाटते, त्यांनी घरात मुलीचे लग्न असताना प्रदर्शनात जाऊन किती स्टॉलवाले पक्की पावती देतात ते एकदा पाहावे.

या लोकांचे बोलणे निव्वळ थापांचे नसते, हीच खरी अडचण आहे. त्या गृहस्थाने सुगंधांचे प्रकार अगदी बरोबर समजावून सांगितले. अर्काचे प्रमाण साधारण २० ते ३० टक्के असेल तर ते ‘पर्फ्यूम’, १५ ते २० टक्क्यांच्या आसपास असेल तर ‘ओ द पर्फ्यूम’, त्याहून कमी असेल तर ‘ओ द टॉयलेट’ आणि जेमतेम २ ते ५ टक्के असेल तर ‘कोलोन’, असे तो म्हणाला. कोरड्या त्वचेवरून सुगंध लवकर उडतो आणि तेलकट त्वचेवर अधिक वेळ टिकतो, हेही त्याने सांगितले आणि तेही खरेच आहे. त्यानंतर त्याने माझ्या मनगटावर कागदाची एक पट्टी दाबली, ती किंचित हिरवट झाली आणि माझी प्रकृती पित्ताची असल्याचे त्याने जाहीर केले. सुगंध निवडण्यासाठी अशी कोणतीही पट्टी लागत नाही. सुगंध स्वतःच्या त्वचेवर लावून चार-पाच तास वावरावे लागते, कारण पहिल्या दहा मिनिटांत दरवळणारा लिंबू-संत्र्याचा वास आणि संध्याकाळी अंगावर उरणारा वास यांत पुष्कळ अंतर असते.

पित्त प्रकृती सांगून त्याने मला शमामा विकले, ही गोष्ट मला अजूनही सलते. हिना आणि शमामा ही उष्ण, थंडीच्या दिवसांतली अत्तरे आहेत आणि उन्हाळ्यात वाळा, मोगरा, गुलाब वापरावेत, हे आमच्या घरात लहान मुलालाही ठाऊक असते. मी तसे विचारलेसुद्धा. ‘ते जुने हिशेब, मॅडम, हे मॉडर्न ब्लेंड आहे’ असे तो हसून म्हणाला आणि त्याने लगेच कॉफीच्या बियांची वाटी माझ्या नाकाखाली धरली. कॉफीने नाक ताजे होते या समजुतीला फारसा आधार नाही, बाहेर मोकळ्या हवेत चार मिनिटे उभे राहणे पुरते. पण तोपर्यंत इतके वास हुंगून झाले होते की मला गुलाब आणि अगरबत्ती यांतला फरकही सांगता आला नसता. एका वेळी तीनपेक्षा अधिक सुगंध हुंगू नयेत.

खरा क्षण मात्र त्याच्या पुढचा होता. ज्या बाटलीतून त्याने माझ्या हातावर गुलाब लावला, ती त्याने पुन्हा टेबलावर न ठेवता जाकिटाच्या आतल्या खिशात घातली आणि मला देण्यासाठी टेबलाखालच्या खोक्यातून सीलबंद बाटल्या काढल्या. हे माझ्या डोळ्यांदेखत घडले. नमुन्याचा गुलाब अस्सल होता, त्याबद्दल मला आजही शंका नाही, आणि विकलेला माल निराळा होता. ‘सील तोडल्यास परतावा नाही’ ही चिठ्ठी त्या बाटल्यांवर कशासाठी चिकटवली होती, ते आता सांगण्याची गरज नाही. त्या वेळी शेजारी विहीणबाई उभ्या होत्या. त्यांच्यादेखत ‘खिशातली बाटली दाखवा’ असे म्हणणे मला प्रशस्त वाटले नाही, आणि माझ्या जागी बहुतेक जणी असेच वागल्या असत्या.

किंमतही मोठ्या हुशारीने ठरवलेली होती. एक किलो रूह गुलाबासाठी तीन-चार टन फुले लागतात, म्हणजे १० मिलीच्या बाटलीत साधारण तीस किलो फुलांचा अर्क असायला हवा. २,९५० रुपयांना तीस किलो फुलांच्या हिशेबाने किलोमागे शंभर रुपयेही पडत नाहीत, आणि त्यातच अर्क काढण्याची तांब्याची देग, जळण, मजुरी आणि विक्रेत्याचा नफा बसवायचा असतो. अस्सल मालासाठी अशक्य इतकी स्वस्त आणि बनावट मालासाठी डोळे फिरावेत इतकी महाग, अशी ती किंमत होती. नोकरीत जन्मभर इतरांचे हिशेब तपासणाऱ्या बाईला हा गुणाकार घरी आल्यावर सुचला, यावर नातेवाइकांनी पुरेसे विनोद केले आहेत.

लग्नात पाहुण्यांच्या हाताला हेच अत्तर लावले गेले. विहीणबाईंच्या पैठणीच्या काठावर तेलाचा डाग पडला, तो आजतागायत गेलेला नाही. मग मी उरलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवली. गुलाबाचे अस्सल तेल साधारण २० अंशांच्या खाली गोठू लागते, पण हे रात्रभर ठेवूनही पाण्यासारखे हलत होते. शहरातल्या एका जुन्या अत्तरवाल्यांनी बोटावर एक थेंब चोळून ‘लिक्विड पॅराफिन आणि सेंट’ एवढेच सांगितले आणि बाटली परत केली. जावयाचे ‘ओ द पर्फ्यूम’ पाऊण तासात उडाले. त्याच्या खोक्यावर छापलेला बॅच क्रमांक बाटलीच्या तळाशी नव्हता आणि आयातदाराचे नाव कुठेच नव्हते. परदेशी सुगंध घेताना या दोन गोष्टी दुकानातच पाहाव्यात, घरी आल्यावर पाहून उपयोग नाही.

त्यानंतर सुरू झाले सरकारी दरबारातले हेलपाटे. पोलीस ठाण्यात ‘हा दिवाणी मामला आहे’ असे ऐकवण्यात आले आणि वर ‘बाई, अत्तर पसंत पडले नाही म्हणून गुन्हा दाखल होत नसतो’ हा शेराही मिळाला. प्रदर्शनाचे आयोजक म्हणाले की ते केवळ जागा भाड्याने देतात, पण भाडे घेताना त्या माणसाचे कोणते कागद पाहिले, याचे उत्तर मात्र त्यांच्याकडे नव्हते. बँकेने पिन मी स्वतः टाकल्याची आठवण करून दिली. वजनमापांशी संबंधित कार्यालयाने बाटलीत १० मिली भरते ना, एवढेच विचारले आणि दर्जाची तक्रार दुसऱ्या कार्यालयाकडे न्यायला सांगितले. त्या दुसऱ्या कार्यालयात ‘अत्तर म्हणजे औषध नव्हे’ असे मलाच शिकवण्यात आले. सुगंधी द्रव्ये सौंदर्यप्रसाधनांत मोडतात आणि १९४० च्या कायद्याच्या नावातच औषधांबरोबर सौंदर्यप्रसाधनेही आहेत, हे मी तिथल्या खुर्चीला सांगितले, कारण साहेब जेवायला गेले होते.

शेवटी ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे शुल्क लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची असते, त्यामुळे ‘एवढ्याशा रकमेसाठी कशाला’ असे म्हणून गप्प बसू नका. माझ्या प्रकरणात विक्रेत्याला पाठवलेली नोटीस परत आली, कारण पावतीवर पत्ता म्हणून केवळ ‘कन्नौज, उत्तर प्रदेश’ इतकेच लिहिलेले होते, आणि ज्या गावात घरटी अत्तराचा धंदा चालतो तिथे पोस्टमनने तरी कोणाचे दार ठोठवावे? आता बँकेकडून त्या यूपीआय खात्याच्या मालकाचा पत्ता मागवावा असा अर्ज दिला आहे. अशाच तपासणीचे ३५० रुपये कोणी दिले असतील, तर त्यांनी ती कच्ची पावती आणि पैसे गेल्याचा संदेश जपून ठेवावा आणि सील तोडलेली बाटलीही फेकू नये.