उष्णतेत पिकाचे संरक्षण: जास्मोनिक आम्ल आणि सॅलिसिलिक आम्ल

किडींशी झुंजताना वनस्पती प्रामुख्याने दोन संप्रेरकांवर विसंबतात, आणि उष्णतेचा त्या दोहोंवर होणारा परिणाम अगदी वेगळा आहे.

सॅलिसिलिक आम्ल मुख्यतः रोगजंतूंविरुद्ध काम करते, तरी मावा, पांढरी माशी यांसारख्या रसशोषक किडींच्या हल्ल्यातही ते सक्रिय होते. तापमान २८ अंश सेल्सिअसच्या आसपास गेले, की अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतील वनस्पतीत त्याची निर्मितीच मंदावते.

जास्मोनिक आम्लाचे तसे नाही. अळीने टोमॅटोचे पान कुरतडताच ते जखमेपाशी तयार होते आणि त्याच्या प्रभावाने पानांत असे पदार्थ साचतात, जे अळीच्या पोटातील प्रथिने पचवणाऱ्या विकरांना रोखतात. परिणामी तिची वाढ खुंटते. उष्णतेत हा प्रतिसाद उलट बळावतो.

वरवर पाहता जास्मोनिक आम्लच सरस ठरते, पण खरी अडचण येथेच आहे. तापलेले टोमॅटोचे रोप पाने वर उचलून आणि पर्णरंध्रे उघडून स्वतःला थंड ठेवते. अळीच्या हल्ल्यानंतर वाढलेले जास्मोनिक आम्ल नेमक्या याच क्रिया अडवते, त्यामुळे पान अधिक तापते. शिवाय उष्णतेत अळीही झपाट्याने खाते. म्हणून अळ्यांविरुद्ध माझा कौल जास्मोनिक आम्लाकडे असला, तरी प्रतिकारक्षम वाण निवडताना अळीने केलेल्या नुकसानीबरोबर पानाचे तापमानही मोजले जावे, असे मला ठामपणे वाटते.